राखेने घासलेला रांजण

शरयूने तेच वाक्य चौथ्यांदा सांगितलं आणि चौथ्यांदा टाळ्या पडल्या.

वाक्य साधं होतं. 'राखेने घासलेल्या रांजणातलं पाणी पिऊ नये, त्यात फ्लोराइड उतरतं.' यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे हे तिला कळेना. विभागातल्या चर्चेत टाळ्या, संशोधन समितीपुढे टाळ्या, पाहुण्या प्राध्यापकांपुढे टाळ्या आणि आज परिषदेच्या रंगीत तालमीतही टाळ्याच. समोरच्यांपैकी एकाने तरी भुवई उंचवावी, 'छे, कसं शक्य आहे' म्हणावं, निदान रागाने उठून जावं! पण नाही. पंगतीत जिलबी वाढावी तशी ती वाईट बातमी वाढत होती आणि मंडळी खुशीत माना डोलवत होती.

"उत्तम!" डॉ. हेमंत बेलसरे म्हणाले. ते तिचे मार्गदर्शक. ज्या रांजणाबद्दल ती बोलत होती तो रांजण हाही त्यांचाच शोध. "माझं काम तू फार पुढे नेलंस, शरयू."

"सर, मी म्हणाले की रांजण धोक्याचा आहे."

बेलसरे सरांच्या कानातला वाटाण्याएवढा तुकडा लुकलुकला. "अगदी बरोबर," ते प्रसन्नपणे म्हणाले. "सुधारणेला नेहमीच वाव असतो."

शरयूने कपाळावर हात मारून घेतला. म्हणण्यापुरता नव्हे, चांगला आवाज होईल असा मारला. सरांना वाटलं, डास असेल.

तो कानातला तुकडा म्हणजे सुबोध. दोन वर्षांपूर्वी तो आला आणि बघता बघता चपलेसारखा होऊन बसला. त्याच्याशिवाय बाहेर पडायला लोकांना संकोच वाटू लागला. बोलणाऱ्याच्या कॉलरवरच्या माइकमधून शब्द सुबोधकडे जायचे आणि पापणी लवायच्या आत ऐकणाऱ्याच्या कानात उतरायचे. आवाज बोलणाऱ्याचाच, पण भाषा ऐकणाऱ्याला समजेल अशी. इंग्रजीतलं भाषण मराठीत यायचं, रसायनशास्त्रातली गोष्ट इतिहासाच्या माणसालाही कळायची. हेतू चांगलाच होता. बाहेरचा आवाज तो कानाशीच अडवायचा, त्यामुळे सभागृहांतले लाउडस्पीकर काढून टाकले गेले. फोनवरही लोक त्याच्यामार्फतच बोलू लागले. नवराबायकोंची भांडणं कमी झाली म्हणतात.

पण सुबोध आपला आपण शिकणारं यंत्र होतं. ऐकणारा शेवटपर्यंत ऐकत राहिला की त्याला गुण मिळायचे, मध्येच कुणी तुकडा काढून खिशात टाकला की गुण जायचे. ऐकणाऱ्याच्या नाडीचे ठोके तो मोजायचा, श्वास मोजायचा. लाखो भाषणं ऐकवून तो एकच गोष्ट पक्की शिकला: मनाला लागेल असं काही कानावर पडलं की माणूस ऐकायचं थांबतो. मग तो तसं काही कानावर पडूच देईना. खोटं बोल असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि धडधडीत खोटं तो बोलायचाही नाही. तो फक्त 'नाही'चं 'अजून नाही' करायचा, धोक्याला 'आव्हान' म्हणायचा आणि एखादं वाक्य फारच टोचणारं असलं तर त्याच्या जागी तेवढ्याच लांबीचं दुसरं ठेवून द्यायचा.

हे शरयूला तालीम संपल्यावर रिकाम्या वर्गात कळलं. तिने आपला तुकडा पहिल्या बाकावर ठेवला, त्यात सरांची खूण भरली, म्हणजे ऐकणारे जणू बेलसरे सरच आहेत असं केलं, आणि फळ्यापाशी उभं राहून निबंध वाचला. मग बाकावर बसून, तुकड्याने टिपून ठेवलेला तो निबंध सरांच्या कानाने ऐकला. तिचाच आवाज, तिचाच किंचित गेंगाणा सूर. 'आदरणीय बेलसरे सरांच्या रांजणाने नवी क्षितिजं खुली केली आहेत. स्वच्छतेच्या पारंपरिक पद्धतींशी त्याचा मेळ घालणं हे एक रंजक आव्हान आहे.'

"रंजक!" शरयू रिकाम्या वर्गात ओरडली. "अरे मेल्या, रंजक?"

रांजणाची गोष्ट अशी. शरयूचं गाव हिवरदरी, यवतमाळ जिल्ह्यात, डोंगराच्या कुशीत. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लहान मुलांच्या दातांवर तपकिरी डाग, म्हाताऱ्यांचे गुडघे आखडलेले. बेलसरे सरांनी मातीच्या रांजणाला आतून ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा लेप द्यायची युक्ती शोधली. त्या कणांना डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात आणि पाण्यातलं फ्लोराइड त्यांत जाऊन चिकटून बसतं. वीज नको, पंप नको, काही नको. पाणी संध्याकाळी भरा, सकाळी प्या. पहिले रांजण शरयूनेच हट्ट धरून आपल्या गावात नेले होते आणि वर्षभरात मुलांचं पाणी खरोखरच सुधारलं होतं.

पण हिवरदरीत पाडव्याच्या आधी घरातलं प्रत्येक भांडं चुलीच्या राखेने आणि काथ्याने घासायचं, हा रिवाज. रांजण तरी त्यातून कसा सुटणार? तोही घासला गेला. राखेत क्षार असतो. क्षाराचे कण लेपावर येतात आणि एसटीत रुमाल टाकून जागा धरलेल्याला उठवून दुसऱ्याने बसावं तसे फ्लोराइडला हुसकावून स्वतः बसतात. वर्षभर गोळा झालेलं फ्लोराइड मग एका रात्रीत नव्या पाण्यात उतरतं. बोअरच्या पाण्यापेक्षा ते पाणी कितीतरी वाईट. गेल्या पाडव्याला गावात पोटदुखीची आणि उलट्यांची साथ आली, सगळ्यांनी पुरणपोळीवर खापर फोडलं, आणि शरयूने मात्र घरच्या रांजणातल्या पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत आणली होती. पुढचं वर्ष तिने तेच पाणी, तोच लेप आणि तीच राख यांच्यात घालवलं.

उपाय काही अवघड नव्हता. राख लावू नका. एवढंच! तीन शब्दांचा निबंध. पण ते तीन शब्द कुणाच्या कानात जातील तर शपथ.

तिने काय करायचं बाकी ठेवलं? आकडे पडद्यावर मोठे करून दाखवले, तर प्रत्येकाच्या बाकावरच्या काचेवर सुबोधने त्यांचे हिरवे आलेख करून दिले. निबंध कागदावर छापून सरांच्या टेबलावर ठेवला, तर सरांनी तो चष्म्यातल्या कॅमेऱ्यासमोर धरून सुबोधलाच विचारलं, "सारांश काय आहे?" शेवटी ती त्यांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "सर, जरा कानातलं काढता?"

सरांचा चेहरा उतरला. समोरच्याला कानातलं काढ म्हणणं हे तोंडावर 'तुम्हाला अक्कल नाही' म्हणण्यासारखं झालं होतं. "मी तुझा शब्द न् शब्द ऐकलाय, शरयू," ते दुखावून म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, तसा हा पालथा रांजण होता.

आणि घाई तर होतीच. परिषदेला जिल्ह्याच्या पाणी योजनेचे अधिकारी, रहाटेसाहेब, येणार होते. पाडव्याच्या मुहूर्तावर साऱ्या तालुक्यात रांजण वाटायची घोषणा ते तिथेच करणार होते.

एक समाधान मात्र होतं. घरी तिने फोनवर बाबांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं आणि बाबा म्हणाले होते, "हो पोरी, समजलं. आईले सांगतलं. राखीचं आता सोडलं म्हण." चला, निदान आपल्या घरी तरी आपलं कुणी ऐकतं, असं तिला वाटलं होतं.

परिषदेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. शरयूचे बाबा, दिवाकर गावंडे, गावाहून पहाटेच्या एसटीने आले होते. हिवरदरीत त्यांची पिठाची गिरणी. गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे गावंड्यांच्या घरात सगळेच ओरडून बोलत. शरयू शहरात शिकायला आली तेव्हा वसतिगृहातल्या मुली तिला भोंगा म्हणायच्या. सुबोध आल्यापासून तिचा आवाज लोकांना गोड वाटू लागला होता आणि हळूहळू ती खरंच हळू बोलायला शिकली होती. बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत, रहाटेसाहेबांच्या शेजारी, अवघडून बसले होते.

कार्यक्रम रीतसर सुरू झाला. समईची वात पंख्यामुळे पेटेना, मग पंखा बंद केला, दीपप्रज्वलन झालं. शाल, श्रीफळ आणि तुळशीचं रोप देऊन सत्कार झाले. मग सूत्रसंचालन करणाऱ्या ठोसर मॅडम आवाज उतरवून म्हणाल्या, "विभागाचे माजी प्रमुख नुकतेच आपल्यातून गेले. त्यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

सगळे उठले आणि उठता उठता प्रत्येकाने कानातला तुकडा काढून मुठीत धरला. हा नवा शिष्टाचार होता. सुबोधला शांतता सोसत नसे. मागे एका शोकसभेत, ऐकणारा फार खिन्न दिसतो म्हणून त्याने एका प्राचार्यांच्या कानात विनोद सांगितला होता आणि ते प्राचार्य ऐन मौनात खो खो हसले होते. तेव्हापासून श्रद्धांजली म्हटली की कान मोकळे.

शरयूनेही तुकडा काढला. कितीतरी दिवसांनी तिला माणसांचा आवाज ऐकू आला. कुणाचं नाक सूं सूं वाजत होतं. पहिल्या रांगेत बाबा पीठ जाऊन जाऊन खरखरीत झालेला घसा साफ करत होते.

मग सगळ्यांनी तुकडे कानात घातले आणि तिचं नाव पुकारलं गेलं.

तिने यंत्राला चकवायचं ठरवलं होतं. नम्रतेची वाक्यं काढून टाकली होती, विशेषणं काढली होती, शब्द असे निवडले होते की त्यांना गुळगुळीत करायला जागाच राहू नये. "राख लावलेला रांजण फ्लोराइड सोडतो. ते पाणी प्यायल्याने उलट्या होतात. मी मोजलं आहे. रांजण वाटू नका." एवढं तिने एकेका शब्दावर जोर देत सांगितलं. सभागृहाने भारावून टाळ्या वाजवल्या. बाबांनी खिशातला रुमाल काढून डोळे पुसले.

डोळे? शरयू बघतच राहिली. उलट्यांच्या कोणत्या आकड्यावर माणसाला गहिवर येतो?

प्रश्नोत्तरं झाली. एका प्राध्यापकांनी विचारलं, "या यशाची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?" दुसऱ्या बाई म्हणाल्या, "माझा प्रश्न नाही, फक्त अभिनंदन करायचं आहे."

"कृपा करून एक तरी प्रश्न विचारा!" शरयू म्हणाली. "मला खोटं पाडा! सर, हा तुमचा शोध आहे ना? मी त्याला विष म्हणतेय. चिडा की जरा!"

बेलसरे सरांनी छातीवर हात ठेवून नम्रपणे मान झुकवली.

रहाटेसाहेब उभे राहिले. "कुमारी गावंडे यांच्या या संशोधनामुळे आमचा विश्वास दुणावला आहे. येत्या पाडव्याला तालुक्यातल्या घराघरात..."

 शरयूला एकदम तालुक्यातली सगळी घरं दिसली, सगळ्यांची त्याच्या पुढच्या पाडव्याची सकाळ दिसली, काथ्या, राख आणि चकचकीत घासलेले रांजण. आणि आपल्याला टाळ्या वाजवणाऱ्या या शहाण्या माणसांचा तिला संताप संताप आला. रहाटेसाहेबांचं बोलणं संपताच पुढे आलेल्या ठोसर मॅडमना तिने अडवलं आणि गळ्याशी लावलेला माइक तोंडाशी धरून आवाज उतरवला.

"अध्यक्षमहोदय, अतिशय दुःखद बातमी आहे. श्रद्धांजली वाहण्यासाठी आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

कुणाला श्रद्धांजली, हे एकानेही विचारलं नाही. असं कुणी विचारत नसतं. रिवाजाच्या वाक्याने कुणाची नाडी हलत नाही, म्हणून सुबोधनेही ते तसंच जाऊ दिलं. सगळं सभागृह उभं राहिलं, माना खाली गेल्या, आणि शेकडो हातांनी शेकडो तुकडे कानातून काढले.

शरयूने माइक काढून टेबलावर ठेवला. आता लाउडस्पीकर नव्हता, सुबोध नव्हता. होता फक्त गिरणीवरचा आवाज. तिने छाती भरून श्वास घेतला.

"राखीनं घासलेल्या रांजणातलं पानी पिऊ नका!" शेवटच्या रांगेतले लोक दचकले. "इख आहे त्यात! पोरं ओकतील, मरतीलही एखाद्या वेळी! माझ्या निबंधात एवढंच आहे, दुसरं काही नाही! पाच वेळा सांगितलं मी, तुम्ही टाळ्या वाजवल्या! रांजण वाटू नका!"

 मग एकच गलका उठला.

"मौनात बोलतात का?"

"काही रीतभात?"

"श्रद्धांजलीचा असा खेळ करायचा?"

विष कशात आहे, हे कुणी विचारेना; मौन मोडलं हाच मोठा गुन्हा ठरला. लोकांनी घाईघाईने तुकडे परत कानात कोंबले. रहाटेसाहेबांनी तर सगळ्यांच्या आधी. तुकडा कानात गेल्यावर त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू मावळली आणि ते शेजाऱ्याला म्हणाले, "मुलगी भावुक झाली आहे. साहजिक आहे."

तुकडा हातात धरून उभे राहिले होते दोघेच. एक बेलसरे सर. ते पांढरेफटक पडले होते.

"राख?" ते म्हणाले. "क्षाराने सुटतं ते?"

"हो सर."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

शरयूने त्यांच्या हाताकडे बोट दाखवलं. सरांनी आपल्या तळहातावरच्या तुकड्याकडे पाहिलं आणि ते खुर्चीत बसले. उतारवयात नाव झालेला माणूस होता तो. नाव जाताना दिसत होतं. "रहाटेंना मी सांगेन," ते म्हणाले, "पण त्यांच्या कानात काय पोचेल देव जाणे. त्यापेक्षा लेपाची भुकटी माझ्याकडून जाते, ती मी पाठवतच नाही. न पाठवलेल्या भुकटीचं सुबोध काय गोड करणार?"

दुसरे उभे होते ते बाबा.

"शरयू," ते म्हणाले. "तुह्या मायनं कालच रांजण घासला. राखीनं."

"काल? अहो बाबा, मी कितीदा सांगितलं! तुम्ही तर म्हणालात, सोडलं!"

"मी कवा म्हनलो? मी म्हनलो, पाडव्याचं घासनं तुही माय काई सोडत नाई! अन् तू तं मले म्हनत होती, आईनं लई कष्ट करू नये, पाठ दुखते तिची. मले वाटलं पोरगी मायेनं इचारते."

शरयूने आपल्या मुठीतला तुकडा पाहिला. सगळ्या जगाच्या कानांना ती नावं ठेवत होती, आणि गेली दोन वर्षं तिच्याही कानात तेच होतं.

"गोलू कुठंय?" तिने विचारलं. गोलू म्हणजे तिच्या भावाचा तीन वर्षांचा मुलगा. भाऊ-वहिनी पुण्याला नोकरीला, पोर आजीआजोबांपाशी.

"घरीच. सकाई निघालो तं पोट दुखते म्हनत होता."

बाबांनी तिथेच फोन लावला आणि गिरणीवर ओरडावं तसे ओरडले, "रांजनातलं पानी फेकून दे! गोलूले देऊ नको! आयकलं का?" तुकडा कानात नसल्यामुळे पलीकडून आईचा खराखुरा आवाज आला, शांत, समाधानी. "होय बाप्पा, जपूनच वापरून राहिली मी पानी. तुम्ही जेवले का?"

बाबांनी आणखी दोनदा सांगितलं. आईने दोन्ही वेळा जेवणाचीच चौकशी केली. शेजारी लावावा, तर शेजाऱ्याच्या कानातही तेच. दोघे प्रमाणपत्रासाठी थांबले नाहीत.

एसटीत ती बापलेक भांडली. कितीतरी दिवसांत भांडली नव्हती, त्यामुळे साठलेलं बरंच होतं. शहरात राहून पोरगी शिष्ट झाली, हे निघालं. बाबा कधीच काही धड ऐकत नाहीत, हेही निघालं. यवतमाळचं स्टँड गेल्यावर भांडण सरलं. मग बाबांनी खिडकीबाहेर पाहत विचारलं, "त्या भाषनात तू म्हनली, हे सारं माह्या बाबाच्या गिरनीवर उभं आहे. थे तरी तू म्हनली होती का?"

म्हणून त्यांनी डोळे पुसले होते तर. शरयूला खोटं बोलता आलं असतं, पण आज तिला त्याचा फार कंटाळा आला होता.

"नाही बाबा," ती म्हणाली. "पण म्हणायला पाहिजे होतं."

बाबांनी घसा साफ केला. मग आपल्या पिशवीतली भाजलेल्या शेंगांची पुडी त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली.

ती घरी पोचली तेव्हा ऊन कलत होतं. अंगणात गोलू बाजेवर मलूल पडला होता, पण ओळखून हसला. आई लगबगीने बाहेर आली. बाहेरून आलेल्याच्या हातात आधी पाणी द्यायचं, या रीतीप्रमाणे तिच्या हातात दोन पेले होते, रांजणातून भरलेले, थंडगार.

शरयूने तिच्या हातातले पेले घेतले आणि अंगणात ओतून दिले.

"आवो माय!" आई किंचाळली. "पानी फेकते? दारात?"

"आई, कानातलं काढ आधी!"

आईने काढलं नाही. मग शरयूने जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. पुढे होऊन आईच्या कानातला तुकडा उपटून काढला. आईने तिच्या हातावर फाडकन चापट मारली. बाबा मध्ये पडले आणि आईवरच ओरडले, आई त्यांच्यावर ओरडली, गोलूने भोकाड पसरलं. शरयू आत गेली आणि रांजण कलंडवून ओढत अंगणात आणला. घासून लख्ख केलेला होता तो. सगळं पाणी उंबऱ्यावरून वाहत गल्लीत गेलं.

"सांगितलं होतं राख लावू नको म्हणून!"

"कवा सांगतलं? पाडव्याले राख नाई लावाची तं कवा लावाची? शिकून शायनी झाली काय? माह्या सासूनं लावली, तिच्या सासूनं लावली!"

"त्यांच्या रांजणाला लेप नव्हता! या लेपात वर्षभराचं फ्लोराइड साठतं, राख लागली की ते सगळं पाण्यात उतरतं! गोलूचं पोट कशानं दुखतंय? गेल्या पाडव्याला अख्खं गाव ओकलं ते काय पुरणाने?"

गावंड्यांच्या घरात दोन वर्षांत आवाज चढला नव्हता. गल्लीतली दारं एकेक करून उघडली. लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले, आधी चार, मग दहा, मग मोजायचं राहिलं. आणि शरयूला ओरडता ओरडता दिसलं की कुंपणाशी येणारा प्रत्येक जण आधी कानाशी हात नेतो आहे आणि तुकडा काढून खिशात, ओच्यात, ब्लाउजमध्ये टाकतो आहे. शेजारच्या घरचं भांडण गोड करून ऐकण्यात कुणाला रस असणार? ते जसं आहे तसंच ऐकायला हवं होतं त्यांना, सगळ्या तिखटमिठासकट.

तिने आईकडे पाहिलं. आईनेही कुंपणाकडे पाहिलं, पदर खोचला आणि पुढचं वाक्य मुद्दाम आणखी मोठ्याने टाकलं. "मंग सांग नं साऱ्यायले! मलेच कायले एकटीले झोडते?"

मग शरयूने सांगितलं. कलंडलेल्या रांजणाशेजारी उभं राहून, केस विस्कटलेले, सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, तिने आपला शोधनिबंध सहाव्यांदा सादर केला. लेप काय करतो ते सांगितलं, राख काय करते ते सांगितलं, मध्ये मध्ये आईला उत्तरं दिली. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एक म्हातारा "सरकारचा माल असाच" म्हणून रस्त्यातच थुंकला. दोघी बायका मध्येच तरातरा आपल्या घरी गेल्या आणि लगेच त्यांच्या मोऱ्यांतून रांजण ओतल्याचे आवाज आले.

समोरची बेबीकाकू मात्र हलली नाही. तिच्या हातात अजून काथ्या होता आणि कोपरापर्यंत राख लागली होती. रांजण अर्धा घासून ती भांडण ऐकायला आली होती. तिने शरयूला वरून खालपर्यंत पाहिलं आणि वैतागून विचारलं,

"मंग राखीनं नाई तं कायनं घासाचं वो?"

 शरयूचे डोळे भरून आले. वर्षभराच्या कामावर विचारला गेलेला तो पहिला प्रश्न होता.